जुनी देऊन जुनीच का आणली

‘जुनी गाडी विकलीत आणि परत जुनीच आणलीत. मग बदललीत कशाला?’

हा प्रश्न मला वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर स्मशानात, लाकडं रचली जात असताना विचारला गेलाय. विचारणारा हसत असतो. मीही हसतो आणि म्हणतो, ‘पेट्रोल फार खायला लागली होती हो.’ हे खोटं आहे. मारुती ८०० पेट्रोल खात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तेवढ्यावर विषय संपतो. विषय संपावा म्हणूनच मी ते बोलतो.

परवा मेहुण्यानं फोनवर तेच विचारलं आणि शेवटी ‘म्हातारचळ’ असा शब्द वापरला. तेव्हा ठरवलं, एकदाच काय ते सांगून टाकू.

८०० काय होती, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे तिच्यात मागच्या सीटवर चौघं बसून गणपतीपुळ्याला गेलेले आहेत. जून १९९९ ची, पांढरी, बिनएसीची. पतपेढीच्या नोकरीत असताना कर्ज काढून घेतलेली. कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत हे मॉडेल बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी आमच्या गाडीला १५ वर्षं होऊन पहिलं पासिंग झालं, म्हणजे आरटीओनं तपासून नोंदणी पाच वर्षं वाढवली. तेव्हा मी जिलब्या वाटल्या होत्या. कंपनीची बंद झाली, आमची चालू आहे, असा तो माज. २०१९ ला दुसरं पासिंग झालं, तेही सरळ.

चिपळूणच्या पुराचंही वर्णन करत बसत नाही. तुमच्या-आमच्या भिंतींवर रेषा आहेत, त्या पुरेत. २६ जुलै २००५ ला पाणी गाडीच्या सीटपर्यंत आलं होतं. प्लग काढले, ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ केला, महिन्याभरात गाडी रस्त्यावर. त्या एका अनुभवावर मी पुढची सोळा वर्षं शहाणपणा केला.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे शेजाऱ्यांनी दार वाजवलं. म्हणाले, वाशिष्ठी नदी चढतेय, शिवनदी उलटी फुगलीय, मुलगा आमची गाडी वर उंचावर नेऊन लावतोय, तुमचीही चावी द्या, दोन फेऱ्या मारेल. मी म्हणालो, ‘कशाला त्रास? २००५ ला सीटपर्यंतच आलं होतं.’ बायको मागून म्हणाली, ‘अहो, द्या चावी.’ चावी माझ्या हातातच होती. दिली नाही. त्या माणसाला आज भेटलो तर मी त्याच्या थोबाडीत मारीन, म्हणजे माझ्याच. पण त्या क्षणी माझं गणित अगदी चोख होतं, हेही सांगतो. मागच्या वेळी इतकं आलं, म्हणजे या वेळी तितकंच येणार. नदीला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं.

उजाडल्यावर गॅलरीतून बघितलं तर टप दिसत होता. थोड्या वेळानं टप दिसेना. आणि मग हॉर्न वाजायला लागला. पाण्याखालून, एकसारखा, गळा दाबल्यासारखा. शॉर्ट झाला असणार, त्यात गूढ काही नाही. पाचेक मिनिटं वाजला आणि हळूहळू बसत गेला. बिल्डिंगमधलं कुणी काही बोललं नाही. समोरच्या पत्र्यावर तेव्हा माणसं बसली होती. अशा वेळी गाडीबद्दल हळहळायचं नसतं, मी हळहळलो नाही.

गाडी जगली. नवीन गाड्या ट्रेलरवर चढून गेल्या, त्यांचे सेन्सर, वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं बाद, विमा कंपन्यांनी टोटल लॉस धरल्या. माझा विमा थर्ड पार्टी, म्हणजे मला कुणी पाच पैसे देणार नव्हतं. मेस्त्रीनं प्लग काढून इंजिन फिरवलं तेव्हा भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. ऑइल निघालं ते अमृततुल्यच्या चहासारखं. तीनदा बदललं. सप्टेंबरात चोक ओढला, दोनदा खोकली आणि सुरू झाली. मेस्त्री म्हणाला, ‘भाऊ, हिला डोकं नाय म्हणून वाचली.’ मी हे वाक्य पुढे दोन वर्षं गावभर सांगत हिंडलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय, म्हणून तर तुम्ही विचारता.

आता न सांगितलेलं सांगतो. पावसाळा आला की तिच्यात चिखलाचा वास उठायचा. मॅट बदलल्या, सीट उन्हात घातल्या, कापूर ठेवला. दरवाजाच्या खालचा पत्रा आतून खाल्ला गेला होता, वरून रंग शाबूत आणि बोटानं दाबलं तर पापडासारखा आवाज. जून २०२४ ला तिसरं पासिंग येत होतं. पूर्वी ६०० रुपयांत होणारं काम २०२२ पासून ५,००० वर गेलेलं, वर ग्रीन टॅक्स, त्याच्या आधी डेंटिंग-पेंटिंग. ही सगळी कारणं खरी आहेत. पण पैशानं कुणी २५ वर्षांची गाडी काढत नाही. मला तिच्यात बसवत नव्हतं. ड्रायव्हर सीटवर बसलो की हात हॉर्नकडे जायचा नाही. दोन वर्षं मी हॉर्न न वाजवता गाडी चालवली. बायकोच्या ते लक्षात आलं होतं, तिनं कधी विचारलं नाही.

तर विकली. मार्च २०२४ मध्ये, २२,००० ला. इथून पुढचं मला सांगायचं नव्हतं.

भंगारवाला वजनावर मागत होता. तेवढ्यात देवरुखकडच्या एका खेड्यातला पोरगा आला, सोबत त्याचा मामा. वय तेवीस-चोवीस, लायसन नवं कोरं. आईला बाजारात, दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून तीन सिलिंडरच्या त्या इंजिनाकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. पासिंग जूनमध्ये आहे, ते तुला करावं लागेल, हे मी स्वतःहून सांगितलं. खालचा पत्रा गंजलाय, हेही दाखवलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मी अगदीच लबाड नव्हतो, असं तुम्हाला वाटायला हवंय.

मग पोरानं विचारलं, ‘काका, पाण्यात होती काय हो गाडी?’

मी म्हणालो, ‘चिपळूणची गाडी आहे, बाळा.’

पोरगा हसला. मामाही हसला. मीही. त्यानं ते काय म्हणून घेतलं कोण जाणे. ‘चिपळूणची म्हणजे असणारच’ असं, की ‘चिपळूणची असून एवढी छान’ असं. मला विचाराल तर मी उत्तर दिलं होतं. चिपळूण म्हटल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसानं काय समजायचं ते समजावं. असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘टपाच्या वर गेली होती, एवढंच म्हणायचं होतंत.’ मी म्हणालो, २२ हजारांत त्याला काय रोल्स रॉइस हवी होती का? ती गप्प बसली. मालकी बदलायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर मी तोवर सह्या करून दिलेल्या होत्या.

एप्रिलमध्ये दुसरी बघायला लागलो. मुलगा म्हणाला, बाबा, नवी घ्या, हप्ते मी भरतो. नको म्हटलं. पेन्शनीचं कारण दिलं, शोरूमबाहेर आल्याक्षणी किंमत पडते वगैरे हिशोब सांगितला. हिशोब बरोबरच आहे. पण नवीकोरी गाडी दारात ठेवून दर जुलैत आभाळाकडे बघत बसायचं, हे मला झेपलं नसतं. कुणीतरी वापरलेली, आधीच थोडी खरचटलेली हवी होती. कुंभार्ली चढून कराडला गेलो, एका निवृत्त मास्तरांची वॅगन आर होती. २०१६ ची, सिंगल ओनर, ५४,००० किलोमीटर.

मी त्या गाडीची काय तपासणी केली म्हणून सांगू! सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण धुणारे पुढचा हातभर पट्टा धुतात, आतल्या गुंडाळीत चिखलाची रेघ राहते. मॅट उचलून खालचा फेल्ट दाबला. सीटच्या रुळांचे बोल्ट बघितले. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवून नखाखाली काय येतं ते पाहिलं. हेडलाइटच्या काचेत आतून पाणी साचल्याचा डाग आहे का, हेही. टायरवरचे चार आकडे वाचून ते कुठल्या वर्षाचे ते काढलं. पुरातल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

मास्तर कट्ट्यावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘काय शोधताय एवढं?’

मी म्हणालो, ‘चिपळूणचा आहे मी.’

‘असं व्हय,’ म्हणाले. ‘पाण्यात न्हाई गेलेली. गेली असती तर सांगितलंच असतं की.’

बस, एवढंच. सहज बोलले, टोमणा नव्हता, त्यांना काय माहीत. बायको गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते मला बघण्यापेक्षा जास्त लागलं. घासाघीस न करता तीन लाख दहा हजारांना व्यवहार केला. निदान दहा हजार तरी कमी झाले असते, असं मुलगा अजून म्हणतो.

आता त्या पोराचा फोन. जुलैतली रात्र, नऊ वाजून गेलेले, बाहेर कोसळत होता. ‘काका, गाडी बंद पडली ओ. साखरप्याच्या अलीकडं. आई हाय संगट. मेस्त्री फोन उचलत नाय. हिची काय खोड हाय काय?’

खोड मला माहीत होती. पंचवीस वर्षं. मी सांगायला लागलो आणि, लाज वाटते, मला बरं वाटायला लागलं. बॉनेट उघड. छत्री धर वर. डिस्ट्रिब्यूटरची टोपी दिसते? क्लिपा काढ. आत ओल असणार. कोरडं कापड आहे का? नाही म्हणाला. मग आईनं मागून काहीतरी म्हटलं आणि तो म्हणाला, आई पदर देतेय. त्यानं पदरानं पुसलं. केबलींची टोकंही पूस. आता चोक न ओढता मार. एकदा नाही झाली. दुसऱ्यांदा धरली. मला फोनमधून तिचा आवाज आला, तो तीन सिलिंडरचा, थोडा लंगडा. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

‘चालू झाली, काका,’ तो म्हणाला. मग थांबला. इंजिन चालूच होतं. ‘पाण्यात होती ना?’

‘हो.’

‘किती?’

‘टपाच्या वर.’

वायपरचा आवाज येत होता. डावा वायपर काचेवर घासतो, त्याला सांगायचं राहिलं होतं.

‘बरं,’ म्हणाला आणि फोन ठेवला.

तो चिडला असता तर मी भांडलो असतो. माझ्याकडे मुद्दे तयार होते: किंमत, चिपळूण, दाखवलेला पत्रा. पैसे परत मागितले असते तर, खरं सांगतो, दिले असते, कदाचित थोडे कमी. त्याचं ‘बरं’ मला कुठे ठेवू कळत नाही. नंतर दोनदा मी फोन लावला. पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा मीच वाजायच्या आत कापला.

तर मग बदलली कशाला? आता तुम्ही सांगा मी पंगतीत काय उत्तर द्यायचं. वॅगन आर चांगली आहे, एसी आहे, हॉर्न वाजवतो मी तिचा. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला तरी ती आदल्या संध्याकाळीच उंचावर ओळखीच्यांच्या अंगणात जाऊन उभी राहते. लोक हसतात, हसू देत. तिच्यावर माझं प्रेम नाही आणि ते बसवायची मला घाईही नाही. बायको म्हणते, तुम्हाला जुनीचा वीट आला नव्हता, स्वतःचा आला होता, आणि तो तुम्ही त्या पोराच्या गळ्यात बांधलात. हे मला शंभर टक्के मान्य नाही. ऐंशी टक्क्यांवर मी तिच्याशी भांडत नाही.

परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की माहिती दिसते. मी कधीकधी टाकतो, रात्री, झोप आली नाही की. मालकाचं नाव मधे फुल्या मारलेलं असतं, पण पहिलं अक्षर त्याचंच आहे. पासिंग झालंय, २०२९ पर्यंत. म्हणजे आरटीओसमोर ती उभी राहिली, लाइट लागले, ब्रेक लागले. विमा मात्र मार्च २०२५ ला संपलेला दाखवतं, पुढचा दिसत नाही.

भरायचा राहिला असेल. पोरं विसरतात.