डॉक्टरांना खरं सांगायला आम्हाला दीड महिना लागला

मे महिन्यातली दुपार, नागपुरात पारा 45च्या आसपास, आणि माझा 17 वर्षांचा भाऊ कूलर बंद करून, खिडकीला चादर लावून घामाघूम बसलेला. आई दोनदा कूलर लावून आली, त्यानं दोनदा बंद केला. "काहून रे, बापा?" तिनं विचारलं तर उत्तर नाही. संध्याकाळी मला एकटीला म्हणाला, "ताई, त्यातून माणसं बोलतात. माझंच नाव घेतात."

मला थोडंफार माहीत होतं. त्याच्या कपड्यांचा वास मी वर्षभरापूर्वीच ओळखला होता. तेव्हा रागावले, त्यानं आईची शपथ घेतली, आणि मी घरात कोणाला काही सांगितलं नाही.

पुढचा महिना-दीड महिना इकडेतिकडे करण्यात गेला. ओळखीच्या डॉक्टरांनी अभ्यासाचा ताण म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. आत्यानं लिंबू उतरवलं. एका खासगी दवाखान्यात "काही नशापाणी?" असं विचारलं, तेव्हा बाबा ताडकन "नाही" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस होते. मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आजही सलतं.

मग त्यानं आईच्या हातचं जेवण सोडलं. भाजीत काहीतरी मिसळलंय म्हणायचा. सलग तीन रात्री झोपला नाही, तेव्हा आम्ही त्याला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. चिठ्ठी काढली, मानसोपचार विभागाच्या बाकावर बसलो. डॉक्टर मॅडम आधी त्याच्याशी एकट्याशी बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. या वेळी बाबा बोलायच्या आत मीच सांगितलं: "गांजा ओढतो."

"कितव्या वर्षापासून?"

"पंधराव्या. आता बहुतेक रोज."

त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, फक्त कागदावर लिहिलं. मग विचारलं, घराण्यात कोणाला असा त्रास? बाबांनी मान खाली घातली. आजोबांचे धाकटे भाऊ मागच्या खोलीत राहायचे, स्वतःशीच बोलायचे. आम्ही त्यांना 'भोळे' म्हणायचो. तेही सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, नेमकं त्यात ढवळाढवळ करतं. ओढणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. पण लहान वय, रोजची सवय आणि रक्तात असलेला धोका एकत्र आले की पारडं झुकतं. त्या रात्री मी वाचत बसले. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या 45 हजारांहून अधिक तरुणांचा पाठपुरावा केला होता, 1987 साली तो प्रसिद्ध झाला. भरतीआधी 50हून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि संशयाच्या दीर्घ मानसिक आजाराचं प्रमाण न ओढलेल्यांच्या सहापट निघालं. त्यांतल्याही बहुतेकांना आजार झाला नव्हता, हे वाचून जरा धीर आला.

पोलिसांबद्दल बाबांनी चाचरतच विचारलं. डॉक्टर पोलिसांना कळवायला बसलेले नाहीत, त्या म्हणाल्या. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यात त्याला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण आहे, हे मला नंतर समजलं. हे आधी माहीत असतं तर!

काका मात्र अजून म्हणतात, "महादेवाचा प्रसाद आहे, होळीला आपण भांग घेतोच की." पानाची भांग वर्षातून एकदा घेणं आणि पंधराव्या वर्षी रोज गांज्याची कळी ओढणं एक नाही. मी त्यांच्याशी यावर भांडले आहे, पुन्हा भांडेन.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीनं हातपाय आखडले, मॅडमनी ती बदलली. दुसरीनं भूक इतकी वाढली की आई रात्री पोळ्या लाटायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज लांब गेले, मग थांबले. निदानाचं पक्कं नाव अजून दिलेलं नाही. गांजामुळे असं झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया होतो, म्हणून दर महिन्याला दाखवायचं. बारावी एक वर्ष पुढे ढकलली.

गेल्या खेपेला मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "या महिन्यात?" मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "एकदा ओढला. मित्राच्या वाढदिवसाला." बाबा शेजारीच होते. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडमनी कागदावर लिहिलं आणि पुढची तारीख दिली.