हत्तिणीचा पाय

"मॅडम, तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. वारी कधी चुकवत नाही तुम्ही. मग मठातल्या, देवळातल्या हत्तींवरून महाराज लोकांना बोल लावायला जीभ कशी रेटते तुमची?"

2025 च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली, तेव्हापासून लोक मला हे विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर म्हैस अडली म्हणून बोलावून नेलं आणि माझा हात कोपरापर्यंत आत असताना विचारलं. महादेवी गेली तेव्हा कोल्हापूर जिल्हा कसा हळहळला ते मी पाहिलंय. वनतारा अंबानींचं, म्हणून लोकांनी जिओची मोबाईल कार्डं बदलली, हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत आली. त्यांत माझी सख्खी नणंद होती. तिचं रडणं खोटं नव्हतं.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

एकतीस वर्षं मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली. आयुष्य गेलं म्हशी, गाई, शेळ्यांत. हत्तीचा पाय हातात घ्यायची वेळ फार थोड्यांदा आली, आणि त्यातला एक पाय विसरता येत नाही. देवस्थानाचं नाव सांगत नाही. नांदणी नव्हे, आपला जिल्हाही नव्हे.

सकाळची वेळ होती. पत्र्याच्या शेडमध्ये, मुतानं ओल्या झालेल्या सिमेंटच्या कोब्यावर ती हत्तीण उभी होती. माहुतानं तिला पुढचा पाय ओंडक्यावर ठेवायला लावला. चालत्याफिरत्या हत्तीच्या तळव्याला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा आणि कंगोरे असतात, चालून चालून ते आपोआप झिजतात. हिचा तळवा एका बाजूला भिजल्या चामड्यासारखा मऊ पडला होता. नखाच्या कडेला रुपयाएवढं भोक. मी बाजूनं दाबलं तर पू आला आणि वास असा सुटला की माहुतानंही तोंड फिरवलं. तिनं पाय ओढला नाही. नुसता श्वास सोडला, लांबलचक. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकून मी जखम धूत होते आणि ती सारखी डावी-उजवीकडे झुलत होती. बाहेर दर्शनाला आलेल्या बाईनं पोराला उचलून दाखवलं, "बघ, आरतीच्या तालावर कशी डुलते."

आरती सुरूच झाली नव्हती. वर्षानुवर्षं एका जागी बांधलेला, कळपावेगळा हत्ती असाच झुलतो. ते दुखणं आहे.

तेवढ्यात महाराज आले. हातात केळी आणि गुळाचा खडा. तिनं सोंड पुढं केली, त्यांच्या खांद्यावरून फिरवली. "डॉक्टर, बरी होईल ना माझी लेक?" त्यांचे डोळे भरले होते. मी सांगितलं, कोबा उखडून माती-वाळू टाका, रोज मऊ रस्त्यानं फिरवा, आणि मिरवणुका बंद करा, डांबरावर हा पाय टिकायचा नाही. ते म्हणाले, "तीन सुपाऱ्या घेतल्यात, लोकांना शब्द दिलाय. एवढ्या होऊ देत."

मी काय केलं? त्यांच्या पाया पडले, प्रसाद घेतला आणि निघाले. दवाखान्याच्या रजिस्टरला लिहिलं : पायास जखम, औषधोपचार केले. जखम कशानं झाली ते लिहिलं नाही. समोर महाराज होते म्हणून लिहिलं नाही.

त्याच हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर मी बीडच्या एका ऊसतोड मजुराच्या हातातून पराणी हिसकावून घेतली होती. बैलाला आर टोचत होता म्हणून चारचौघांत त्याला फाडून खाल्लं होतं. त्या माणसाच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल होती, बायको गाडीवर बाळ घेऊन बसली होती. त्याला मी जाब विचारला, आणि ज्यांच्या एका शब्दावर शंभर माणसं कोबा उखडायला धावली असती, त्यांना नमस्कार केला. हा उलटा न्याय मला आजही झोपू देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की धर्माच्या गादीवर बसलेल्या माणसाला जास्त जाब विचारला पाहिजे. त्यांचं प्रेम खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण भगवं किंवा पांढरं वस्त्र दिसलं की डॉक्टर, पोलीस, भक्त, सगळेच गप्प बसतात आणि जनावराला तर बोलताच येत नाही. मग बोलायचं कुणी?

"आपलाच धर्म दिसतो का?" असंही विचारतात. थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या बौद्ध मठात भिक्खूंबरोबर वाघांचे फोटो काढायला जगभरातून माणसं जायची. 2016 साली तिथून 147 वाघ हलवले, तेव्हा फ्रीजरमध्ये बछड्यांची चाळीस कलेवरं सापडली. आणि जोतिबा तर माझ्या माहेरचं कुलदैवत. 2007 साली देवाला अर्पण केलेला 'सुंदर' नावाचा हत्ती साखळदंडात ठेवला, त्याला मारहाण झाल्याचं चित्रण लोकांनी पाहिलं. 2014 मध्ये उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय झालं आणि तो बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. अशा वेळी सगळा राग माहुतावर निघतो. अंकुश त्याच्या हातात असतो, मान्य. पण हत्ती घ्यायचा, बांधायचा, मिरवायचा हे माहूत ठरवत नाही.

महादेवीच्या बाबतीत मठानं हेळसांडीचे आरोप नाकारले आणि तिच्यावर माया केली हेही खरं. पण तिच्या पायांचे, नखांचे, जखमांचे अहवाल न्यायालयासमोर होते. हत्तीचं हित आणि धार्मिक हक्क यांत पेच पडला तर आधी हत्तीचं हित, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं. मला ते पटलं. नणंदेला अजून पटलेलं नाही, आम्ही भांडतो. बाकी कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात नारळ-हाराचं ताटही होत नाही.

माझी माळ मध्ये येत नाही. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले, ही कथा मी आजीच्या मांडीवर ऐकली. रेड्यानं वेद म्हटले त्याचं सगळ्यांना कौतुक, मला लहानपणापासून ते वळ आठवतात. रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती मीही कपाळाला लावते. मग उठून त्याच्या खुरांकडे बघते, पाणी पाजलं का विचारते.

त्या पत्र्याच्या शेडमधली हत्तीण दोन वर्षांनी बसली ती उठलीच नाही. वन खात्याच्या माणसांबरोबर शवविच्छेदनाला मलाही बोलावलं. गाव लोटलं होतं. अंगावर शालू, चारही पाय झेंडूच्या हारांत बुडालेले. मी म्हटलं, पायांवरची फुलं काढा. कुणी हलेना. शेवटी महाराज स्वतः खाली बसले आणि एकेक हार उचलून बाजूला ठेवू लागले. चारही पायांचे व्रण मी टेप लावून मोजले आणि या वेळी कारणासकट लिहिलं : कठीण जमीन, सततची ओल, चालण्याचा अभाव, मिरवणुका. कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वाचला, परत वाचला. मग माझ्याकडे पेन मागितलं आणि सही केली.