प्रार्थनेतली ती एक ओळ

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मी झोपेतही म्हणेन, इतकी पाठ आहे. पण गेली चार वर्षं चर्चमध्ये 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे आलं की माझा आवाजच बसतो, बाकीचे पुढे निघून जातात आणि मी त्यांना थेट 'परीक्षेत आणू नको'पाशी गाठते. ऋण सोडणं म्हणजे क्षमा करणं, आणि सोडू असं नाहीये तिथे, 'सोडले आहे'. आता देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं?

झालं असं की माझ्या चुलत दादाने दुकानासाठी पप्पांच्या पीएफमधले 2 लाख घेतले होते, लिखापढी काही नाही, घरातलाच मुलगा ना. पप्पा गेले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, काकांनी ते मला असेच दिले होते. पैशांचं जाऊ द्या हो, पण शेवटच्या दुखण्यात पप्पा रोज विचारायचे, त्याचा फोन आला का गं? ते नाही जात डोक्यातून.

पाळकसाहेबांनी बायबलमधलं मत्तय 18 वाचायला सांगितलं. तिथे येशूची एक गोष्ट आहे, एका चाकराचं धन्याकडचं कर्ज दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी धन्याने सोडली, आणि हा पठ्ठ्या बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. गणित पटलं, पण तिथे दोघंही पाया तरी पडतात! लूक 17 मध्येही पश्चात्ताप केला तर क्षमा कर असंच आहे. दादा कुठे काय म्हणतोय? मी खुश झाले, सुटले म्हटलं. मग मार्क 11:25 सापडलं, प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा, बस, त्याने माफी मागायची अटच नाही. वैताग आला.

आणि आपल्या इंदूरात तर राणी मारियांचं उदाहरण कोणीही तोंडावर फेकतं. सावकारांच्या कर्जात अडकलेल्या आदिवासींसाठी ही सिस्टर, म्हणजे कॅथलिक नन, उभी राहिली म्हणून 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंगने तिला भोसकून मारलं, पन्नासच्या वर वार. 2002 मध्ये तिच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मीने, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. 2017 मध्ये इथेच राणी मारियांना धन्य घोषित केलं, संतपदाच्या आधीची पायरी ती. सगळे त्या राखीचं सांगतात, मला मधली सात वर्षं दिसतात. त्या सात वर्षांत सिस्टर सेल्मी ही ओळ कशी म्हणत असेल?

बरं, क्षमा केली म्हणून मी दादाच्या लोनला गॅरंटर होणार नाहीये, तो वेगळा विषय.

लहानपणी मी त्याला राखी बांधायचे, आमच्याकडे ख्रिस्ती घरात असूनही चालायचं. यंदा राजवाड्यावरून एक घेतली, दहा रुपयांची. राखीपौर्णिमा होऊन गेली, ती पर्समध्येच आहे, चाव्या काढताना दोरा हाताला लागतो.