तुम्ही विचारलंत म्हणून: मग काय ठरलं?

"मग काय ठरलं?"

गेले नऊ आठवडे हा प्रश्न मी फोनवर, जिन्यात, लिफ्टचं दार बंद होता होता ऐकतेय. विचारणाऱ्यांचा दोष नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे पण 'अगदी लवकर सापडलाय', असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. लवकर सापडलेल्या आजाराचं पटकन काहीतरी ठरेल, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. तेव्हा एकदाच लिहून टाकते. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पाठवीन, राग मानू नका.

तर, ठरलं होतं. तीनदा ठरलं होतं.

पहिल्यांदा ठरलं ते कोन बायोप्सीच्या रिपोर्टवर. भूल देऊन मुखाचा शंकूसारखा तुकडा कापून काढतात. रोग अख्खा त्या तुकड्यात मावला आणि कडा स्वच्छ निघाल्या, तर कधीकधी ती तपासणीच उपचार ठरते. माझ्या रिपोर्टात खोली होती २.६ मिलिमीटर. तीनच्या आत, म्हणजे वन-ए-वन, सगळ्यात सुरुवातीचा टप्पा. कडा स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुधा एवढ्यावर भागेल, पुढे नियमित तपासण्या करत राहू. तरी स्लाइड्स एकदा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घेऊ." त्यातलं 'भागेल' तेवढं उचलून मी बाहेर पडले आणि पार्किंगमधूनच सतरा जणांना मेसेज केले. 'तरी' आठवलं ते बारा दिवसांनी, दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर.

३.४ मिलिमीटर.

रोग वाढला नव्हता, हे कृपा करून समजून घ्या. माझी मावशी अजून 'बारा दिवसांत केवढा वाढला गं' म्हणते. तुकडा तोच होता, शरीरातून केव्हाच निघून मेणाच्या ठोकळ्यात बसलेला. मोजणारे डोळे बदलले. खोली नेमकी कुठून धरायची, यावर दोन जाणत्या माणसांचं एकमत झालं नाही. शिवाय दुसऱ्यांना एका लसिकावाहिनीत, म्हणजे रोग जिच्यातून पुढे ग्रंथींकडे पसरू शकतो अशा बारीक नळीत, कॅन्सरच्या पेशींचा पुंजका दिसला, जो पहिल्यांना दिसला नव्हता. माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीतलं शिसं ०.७चं आहे. जवळपास तेवढ्या जाडीने मी पुढच्या टप्प्यात, वन-ए-टूमध्ये गेले, आणि 'भागेल'चं 'भागणार नाही' झालं.

हा आजार मोठा असता, तर काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असतं. रेडिएशन, सोबत केमो, अमुक तारखेला या. लहान आहे म्हणून मला विचारतात. गर्भाची पिशवी आजूबाजूच्या आधाराच्या ऊतींसकट काढायची, की नुसती पिशवी पुरे, की फक्त मुख काढून पिशवी ठेवायची? लसिकाग्रंथी तपासायला लागतील, तेवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पोट उघडून की दुर्बिणीतून? दुर्बीण म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं. छोटी छिद्रं, लवकर घरी. मग कळलं की पिशवी आधाराच्या ऊतींसकट काढण्याच्या ऑपरेशनबाबत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उलटंच निघालं होतं. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीतून केलेल्यांत ८६. २०२४ची दुसरी चाचणी, सातशे बायकांची, म्हणते की दोन सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या रोगात नुसती पिशवी काढली तरी तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं, नुसती पिशवी काढली तर २.५२ आणि ऊतींसकट काढली तर २.१७ टक्के, आणि लघवीचे त्रास कमी होतात. माझ्या दोन्ही डॉक्टरांनी हीच चाचणी वाचली आहे. बाई म्हणतात, बघ, कमी पुरतं. सर्जन म्हणतात, वाहिनीत शिरकाव झालेल्या तुमच्यासारख्या त्यात थोड्याच होत्या. दोघंही बरोबर आहेत. एकजण चूक असता तर मी शांत झोपले असते.

दुसऱ्यांदा ठरलं त्या दिवसाबद्दल मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

सर्जनची छोटी केबिन. नवरा शेजारी, त्याच्या मांडीवर माझी फाइल. सर्जननी कागदावर पिशवी काढली होती आणि मुखापाशी बॉलपेनने एक ठिपका. ठिपका रोगाच्या मानाने बराच मोठा आला होता, आणि तेवढ्यावरून मला त्यांना टोकावंसं वाटत होतं. कागदाच्या कोपऱ्यात माझं वय, अडतीस. मग त्यांनी वर बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "पुढे मूल हवंय?"

"नको," मी म्हणाले.

खिडकीवर जन्मतारीख विचारल्यावर सांगतो, तितक्या पटकन. नवऱ्याने फाइलच्या रबराला बोटाभोवती एक वेढा दिला, सोडला, पुन्हा दिला. बोलला काही नाही. सर्जननी चित्रातल्या पिशवीवर दोन तिरप्या रेघा मारल्या, सवयीने मारल्या असतील. "मग सोपं आहे," ते म्हणाले.

ते ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. शहाण्या पेशंटला शाबासकी मिळाल्यासारखं. त्यानंतर वीसेक मिनिटं ते तारखा, टाके, कॅथेटर समजावत होते आणि मी मान डोलावत त्या दोन रेघांकडे बघत होते. एक रेघ कागद फाटेल इतकी दाबून मारली होती, दुसरी हलकी.

लग्नाला अकरा वर्षं झाली आमच्या. मूल हवं की नको हे ठरवलेलंच नव्हतं. पुढे बघू म्हणायचो, आणि ते 'पुढे' मजेत लांबत होतं. मला मूल हवंच होतं असं आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तो 'नको' डॉक्टरांची अडचण होऊ नये म्हणून आला होता. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, "तू का बोलला नाहीस?"

"शरीर तुझं आहे."

"ते झालंच. तुला काय वाटतं?"

बराच वेळ गेला. "मला तू हवी आहेस."

उत्तर इतकं चांगलं होतं की पुढे भांडताच येईना, आणि त्याचाच मला राग आला.

चौथ्या दिवशी फोन करून मी 'नको' मागे घेतला. मूल हवंय, असंही म्हणाले नाही. "मला अजून माहीत नाही," एवढंच. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "या, पुन्हा बोलू." तिसऱ्यांदा ठरलं ते असं: मुख काढायचं, पिशवी ठेवायची. याला ट्रॅकेलेक्टमी म्हणतात. पुढे दिवस राहिले तर वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, आणि राहतीलच याची हमी नाही.

आईने विचारलं, "जीव महत्त्वाचा की पिशवी?" मी ताडकन म्हणाले, योग्य पेशंट निवडला तर हेही मान्यताप्राप्त ऑपरेशन आहे, मी काही हट्टाने जिवावर उदार झालेली नाही. बरोबरच होतं ते. पण फोन ठेवल्यावर तोच प्रश्न मी स्वतःला तिच्या आवाजात विचारला. ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्यासाठी रोगाची जागा शरीरात ठेवायची? कधी वाटतं, मूल हे निमित्त आहे, मला फक्त त्या दोन रेघा खोडायच्या आहेत. तसं असेल तर कारण फार कच्चं आहे.

आणखी एक विचारता तुम्ही, आडून आडून. "आला कुठून?" शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे येतो, जवळजवळ नेहमीच. त्या विषाणूची लागण बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होते, वर्ष-दोन वर्षांत शरीर बहुधा त्याला आवरतं, काहींच्यात तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून, कधी, हे सांगता येत नाही. तेव्हा माझ्या नवऱ्याकडे तिरकं बघणं बंद करा. मीही एका रात्री तो झोपलेला असताना सगळे हिशेब मांडून पाहिले होते. त्याचे आणि माझेही. काही निष्पन्न झालं नाही, आणि सकाळी त्याच्या नजरेला नजर देताना मला लाज वाटली.

आणि हो, सहा वर्षं मी पॅप टेस्ट, म्हणजे मुखाच्या पेशी तपासण्याची चाचणी, केली नव्हती. कामाचा व्याप, असं सांगत आलेय. खरं कारण, मला ते टेबल आवडत नाही, पाय वर अडकवून छताकडे बघत पडणं आवडत नाही. 'काही त्रास नव्हता गं,' असं सहा वर्षांपूर्वीची मी आताच्या मला सांगते. नसतोच. सुरुवातीला बहुतेकदा काहीच होत नाही. हे तिला तेव्हाही माहीत होतं, म्हणून तिची दया येत नाही. पण या महिन्यात चार वेळा त्याच टेबलावर चढले आणि चारही वेळा मला ते तितकंच नकोसं झालं, तेव्हा तिला फार बोलताही येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काल संमतीपत्रावर सही केली. आधी ग्रंथी काढून तिथल्या तिथे तपासणार. त्यात रोग सापडला तर पुढचं काही न कापता पोट बंद करणार आणि रेडिएशन-केमोकडे वळणार. मग पिशवी जागेवर असूनही उपयोगाची राहणार नाही. ग्रंथी स्वच्छ, पण मुखाची वरची कड स्वच्छ नसेल, तर पिशवीही काढणार. दोन्ही ठीक, तर ट्रॅकेलेक्टमी. यातलं काय झालं, ते मला शुद्धीवर आल्यावर दुसरं कुणीतरी सांगेल. फॉर्मवर तिन्ही ऑपरेशनं एकाखाली एक छापली होती आणि मध्ये 'आणि/किंवा'. मी विचारलं, यातलं एक खोडायचं का? नर्स म्हणाली, "नाही मॅडम, ते तसंच ठेवतात."

मंगळवारी सकाळी सातला बोलावलंय. मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही. हे नक्की ठरलंय.