मिमोसा अपडेट : संत्र्यावरून आता निरोवर

एप्रिल संपत आलाय, काजूचा सीझन उरकायच्या आत हे लिहून टाकतो, नाहीतर निरोचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचा, भाग थेट पुढच्या मार्चवर जाईल.

आधी संत्र्याचं सांगतो कारण पाया तोच आहे. मिमोसा म्हणजे संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाईन, दोन्ही 75-75 मिली, बारटेंडर लोकांचं ठरलेलं माप हेच. लंडनच्या बक्स क्लबमधला 1921 चा बक्स फिझ याचाच मोठा भाऊ, त्यात वाईन दोन भाग आणि रस एक भाग. मला रविवारच्या नाश्त्याला, म्हणजे पुरी-भाजी, बन्स, पोई (गोव्याचा पाव) आणि ऑम्लेट असा थाट असतो तेव्हा, या दोघांच्या मधलं माप आवडायला लागलंय, 60 रस आणि 90 वाईन. वाईन मी नाशिककडची ब्रूट, म्हणजे कोरडी स्पार्कलिंग वाईन, घेतो, सुला किंवा शँडन, दोन्हींत दुसरं फर्मेंटेशन बाटलीतच होतं त्यामुळे बुडबुडा बारीक असतो आणि रस घातल्यावरही टिकतो. ब्रूटमध्ये साखर लिटरला 12 ग्रॅमच्या आत, म्हणजे गोडवा सगळा रसाकडून येणार, आणि तेच हवंय. लेबलवर एक्स्ट्रा ड्राय असेल तर ती ब्रूटपेक्षा गोड असते, रसाबरोबर जड होते.

आता मंडळी, खरा मुद्दा. पेय जमणं न जमणं वाईनपेक्षा रसावर जास्त अवलंबून आहे हे माझं आता पक्कं मत झालंय. रसात गर राहिला की त्या तंतूंना धरून गॅस भराभर सुटतो, ग्लासात फेस वर येतो आणि दोन मिनिटांत सगळं सपाट. म्हणून रस आधी चाळणीतून आणि मग ओल्या मलमलमधून गाळायचा, पिळायचा नाही, आपोआप गळू द्यायचा. आणि रस वाईनइतकाच गार हवा. बाटली सगळे गार करतात पण रस टेबलावर तसाच, आणि आपल्याकडच्या उकाड्यात कोमट रस पडला की गॅस तिथेच उडतो. बाटलीला बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांच्या बादलीत अर्धा तास पुरे होतो. संत्रं सकाळीच पिळा, किन्नो जातीचं असेल तर नक्कीच, रात्री काढून ठेवलेला रस सकाळपर्यंत कडू होतो. मोसंबी फार सौम्य पडते, लिंबाचे चार थेंब घातले तर चालते, त्यापेक्षा जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

आणि निरो! गोव्यातल्या सत्तरीतून मामांकडून आला यंदा. ज्यांनी काढताना बघितलं नसेल त्यांच्यासाठी, बोंडं तुडवून झाली की चोथ्याचा ढीग करून वेलीने घट्ट आवळतात, वर जड दगड ठेवतात, आणि त्यातून रात्रभर जो ठिबकतो तो निरो, तुडवलेल्या रसापेक्षा कितीतरी स्वच्छ. वास असा की बाटली उघडली की अख्ख्या स्वयंपाकघराला कळतं. पण तो थांबत नाही, उन्हात काही तासांतच आंबायला लागतो, त्यामुळे फेणीच्या भट्टीवरून थेट बर्फात आणि त्याच सकाळी ग्लासात.

अडचण त्याच्या तुरटपणाची. ब्रूट स्वतःच कोरडी, त्यात निरोचं टॅनिन, घसा धरतो. आईने उपाय सुचवला, भाताच्या पेजेचं निवळ पाणी गार करून थोडंसं त्यात घालायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं, पेजेतला स्टार्च टॅनिनला धरून खाली बसतो आणि वरचा रस हलक्या हाताने ओतून घ्यायचा. जमलं, आणि काय जमलं! तुरटपणा जातो पण पुरता जात नाही, जेवढा उरतो तेवढाच हवा असतो. माप 50 निरो, 100 ब्रूट, बाकी काही नाही, साखर नाही, पुदिना नाही, ग्लासाच्या कडेला मीठ तर अजिबात नाही. तिखट पातळ भाजी आणि पावाबरोबर याच्यापुढे संत्र्याचा मिमोसा मला फिका वाटतो, मनापासून सांगतो.

कोकमाचा मिमोसा करायचा तर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरू नका, त्यात मीठ असतं, चव बिघडतेच आणि मीठ पडलं की फेसही उसळतो. अमृत कोकम घ्या, साखरेत मुरवलेलं. 15 मिली ग्लासाच्या तळाशी आणि वर 130 मिली ब्रूट, ग्लास तिरका धरून कडेने. रंग बघूनच पाहुणे खूश होतात. हे रसाचं कॉकटेल कमी आणि सिरपचं जास्त, म्हणून गोड नको असलेल्यांना देत नाही.

ओतण्याबद्दल, रस आणि ब्रूट असेल तेव्हा मी आधी वाईन ओततो आणि मग रस, रस जड असल्याने आपणच खाली उतरून मिसळतो, चमचा लावायची गरज नाही. बूच काढताना अंगठा त्यावरून हलवू नका, आत पाचसहा वातावरणांचा दाब असतो, तार सोडवायला सहा अर्धे वळसे, मग बूच धरून बाटली फिरवायची. आवाज जितका कमी तितका गॅस आत राहिला.

पुढचं काम मानकुराद आंबा. म्हापशाच्या बाजारात दर अजून चढे आहेत पण फळ चांगलं दिसतंय. गर तसाच घातला तर बुडबुडे मरतात, म्हणून गराएवढंच थंड पाणी घालून मलमलमधून गाळायचं, थोडं लिंबू, आणि 40 रसाला 110 ब्रूट यापासून सुरुवात करणार. कोणी पायरी आंब्यावर केलंय का? केलं असेल तर गाळलेला रस किती वेळ ठेवला ते सांगा, मी शनिवारी रात्री गाळून ठेवायच्या विचारात आहे.