साठ अंशांचा त्रिकोण

संगणक खोलीची किल्ली हातात आली ती डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवर, सही करूनच. दहा संगणक, सगळ्यांवर कापड. आधीचे गुरुजी मुलांना हात लावू देत नसत. मोडला तर भरून कोण देणार? त्यांचं अगदीच चूक होतं असं मला म्हणवत नाही.

झाडपूस करून सहा सुरू झाले. बंद केले की तारीख मागे जायची आणि वेबसाइट उघडायच्या नाहीत. मदरबोर्डवरचे नाण्याएवढे सेल बदलल्यावर ते थांबलं. मी मात्र इंटरनेटच्या नादी न लागता लोगो टाकलं, म्हणजे पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन चित्र काढायची मुलांची प्रोग्रामिंग भाषा, आणि पाचवीचा वर्ग आत घेतला.

एका संगणकाला चौघं. माउस ज्याच्या हातात तोच राजा, म्हणून नियम केला: टाइप करणाऱ्यानं बोलायचं नाही, सांगणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही. फॉरवर्ड 100 म्हणजे शंभर पावलं पुढं, राइट 90 म्हणजे उजवीकडं 90 अंश वळ, असं चारदा. चौरस सगळ्यांचा आला. मग म्हटलं, आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढा.

त्याचे कोन 60 अंशांचे, हे पाठच होतं. सगळ्यांनी राइट 60 दिलं आणि पडद्यावर कललेली वाटी आली, तोंड उघडं. "सर, कॉम्प्युटर बिघडला!"

खडू उचलून 120 लिहायलाच निघालो होतो. तेवढ्यात एक मुलगी उठली आणि फरशीवरून चालायला लागली. चार पावलं टाकून थांबली. एक हात समोर धरला, दुसरा तिरका मागे.

"सरळ गेले असते तर इकडं. मला जायचंय तिकडं. म्हणजे एवढं वळायचं. हे साठ कुठंय?"

1967 साली सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी लोगो तयार केलं. त्यातलं कासव पुढं जमिनीवर खरंच चालणारं यंत्र म्हणूनही आलं. हे मी वाचलं होतं. पण मुलांना चालायला लावावं हे मला सुचलं नव्हतं.

तिच्या गटाचा त्रिकोण मिटला. कोपऱ्यातला गट मात्र 60 सोडेना. तेच सहादा दिलं त्यांनी, आणि षटकोन आला.

"त्रिकोण नाही आला सर, पण हे बघा की!"

घंटा झाली. दारात चप्पल घालता घालता तीच मुलगी पुन्हा दोन्ही हात पसरून उभी. "सर, पाच कोपऱ्यांना किती?"

खडू अजून माझ्या हातातच होता. खिशात टाकला.