चौदा सेंटचा गंधार

काळी चार या पट्टीत षड्ज धरला, तर कीबोर्डवरचा गंधार २६१.६ हर्ट्झला वाजतो. आमच्या अल्बमच्या गायिका, ताई, गातात तो २५९.६ला. एवढ्याशा फरकावर आमच्या स्टुडिओत अख्खा रविवार गेला, आणि त्या दिवशी जे सापडलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

वडोदऱ्यात रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ. वर्षाचं पोट नवरात्रीआधीच्या गरब्याच्या ट्रॅक्सवर भरतं. काका त्याच जगातले, तीसेक वर्षं गरब्याच्या बँडमध्ये कीबोर्डवर. ताई इथल्या विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्समध्ये शिकलेल्या, म्हणजे गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेच्या परंपरेतल्या. आकाशवाणीवर वर्षानुवर्षं ख्याल गायलेल्या. नऊ रात्री काकांच्या हातांवर हजारो लोक फेर धरतात, पण त्यांचं नाव कुणी विचारत नाही. या शहराला कलावंत मोसमापुरते लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचावन्नी ओलांडल्यावर दोघांनी स्वतःच्या चालींचा पहिला अल्बम करायला घेतला. सिंथ, बेस, ड्रम्स, मराठी शब्द, आणि या सगळ्यावर ताईंचा ख्यालाचा गळा. ध्रुवपद कधी परत येईल याचा अंदाज बांधता येत नाही, अशी गाणी.

एका गाण्याचा कच्चा मिक्स आम्ही डिजिटल वितरण करणाऱ्या एका कंपनीला ऐकवला होता. उत्तर आलं, ‘आवाज फ्लॅट आहे, ट्यून करून पाठवा.’ फ्लॅट म्हणजे स्वरापेक्षा किंचित उतरलेला. ट्यून करणं म्हणजे सॉफ्टवेअर लावून प्रत्येक स्वर जवळच्या घरात ओढणं. ही घरं कीबोर्डची: सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी १०० सेंट; सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. त्या हिशेबात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर. ताई चाळीस वर्षं तोच ऐकत, त्यावरच गळा ठेवत आल्यात. त्या फ्लॅट नाहीत. उलट कीबोर्ड चढा आहे. स्क्रीनवरची रेघ बघून निकाल देणाऱ्यांनी आधी तासभर तानपुऱ्यापाशी बसावं.

मग कीबोर्डच खाली आणायचा? सिंथमध्ये एकेक स्वर वेगळा लावता येतो. गंधार १४ सेंट उतरवला. ध्रुवपद असं काही उजळलं की काका पुटपुटले, “बस, आ ज जोइए.” बस, हेच हवं. पण दुसऱ्या कडव्यात काकांची धैवत-षड्ज-गंधार अशी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, येते आणि तिथे तोच उतरवलेला गंधार धैवताचा पंचम, म्हणजे धैवतापासून मोजलेला पाचवा स्वर, होतो. हा पंचम साधारण ७०० सेंटचा हवा, तो ६८६ झाला. कान किटले. धैवतही उतरवला तर ती कॉर्ड सुधरते, पण मग ऋषभापासूनची कॉर्ड बिघडते. एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं.

काकांनी हात उचलले, थोडा वेळ गप्प बसले आणि पुढच्या टेकला कॉर्डमधून गंधारच काढून टाकला. फक्त षड्ज-पंचम. गंधार एकट्या ताईंचा. इतकी वर्षं वाजवणाऱ्यालाच आपलं बोट असं मागे घेता येतं. तरुण कीबोर्डवाले असते तर आणखी दोन स्वर भरले असते.

सगळं तिथेच मिटलं असतं. पण ताई म्हणाल्या, “दुसऱ्या कडव्यात शेवटचा गंधार लांब धरते ना, तिथे तुमचाही राहू द्या. न उतरवता.”

मी दोन्ही एकत्र लावले आणि आवाज धडधडू लागला. दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाइतके हेलकावे येतात. इथे सेकंदाला दोनाहून किंचित जास्त. गाण्याची लय होती मिनिटाला ६६ मात्रा. काकांनी बोटांनी मोजलं आणि क्लिक, म्हणजे लय धरून देणारी टिकटिक, ६२वर आणायला सांगितली. ६२ला मात्रेत दोन ठोके, म्हणजे सेकंदाला २.०७. हेलकावा बरोबर लयीत बसला! ताईंनी ते कडवं पुन्हा गायलं, स्वर जराही न हलवता. मी पॅडवरचा, म्हणजे काकांच्या सिंथच्या लांब धरलेल्या सुरावरचा, कोरस इफेक्ट काढला, पॅड डावी-उजवीकडे न पसरवता मोनो करून ताईंच्या आवाजाच्या जागीच ठेवला, आणि दोघांची पातळी जुळेपर्यंत फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, सोडला नाही; एक जरी वरचढ झाला तर हेलकावा विरतो. मिक्सिंगमध्ये इतकं समाधान मला क्वचितच मिळालंय.

अडचण मोबाइलची. त्याच्या स्पीकरवर २६० हर्ट्झ जेमतेम ऐकू येतो, वरचे सूर तेवढे उरतात. त्यांचा हेलकावा दुप्पट, चौपट वेगाचा. लयीतच, पण बारीक. तिथे ते धडधडणं राहत नाही, खरखर होते. अनोळखी माणसाला ती बेसूर वाटेल का? मला ठरवता येत नाही. माझा कान आता तटस्थ राहिलेला नाही, आणि लोक ऐकणार मोबाइलवरच.

काकांना हे गाणं अल्बममध्ये पहिलं हवंय. मी चौथं म्हणते. आधीच्या तीन गाण्यांत ताईंचा गंधार कानात बसला, की इथे तो चुकलाय असं कुणाला वाटणार नाही. ताईंना क्रमाचं काही नाही, फक्त त्या जागी ट्यूनिंग लावायचं नाही. कंपनीला तेवढं मी कळवलंय. क्रमाचं पुढच्या बैठकीत ठरेल.